खारघरची नवी थेरपी मायस्थेनियावर चालते का?

खारघरच्या टाटा केंद्रात चाचण्या झालेल्या ‘नेक्सकार-१९’ थेरपीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती ठरावीक रक्ताच्या कर्करोगांसाठी. मायस्थेनियात पापणी खाली येते, दोन-दोन दिसतं, घास गिळवत नाही. कारण शरीराची प्रतिकारशक्तीच नस आणि स्नायूंमधला निरोप अडवते. अशा थेरपीत रुग्णाच्याच पेशी बदलून या गडबडीच्या मुळाशी असलेल्या बी-पेशी मारतात, म्हणून परदेशात मायस्थेनियावरही चाचण्या झाल्या आहेत.

इथं मात्र आज आधार पायरिडोस्टिग्मीन, स्टेरॉइडसारख्या औषधांचाच. ती मनानं बंद करू नका. ‘प्रयोगातला उपचार’ म्हणून कुणी लाखो मागितले, तर आधी सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. जमीन विकण्याआधी एवढं विचाराच.