वगैरे – सहा हजार

मागच्या महिन्यात कोल्हापूरला ताईकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने माझ्यासमोर एक कागद सरकवला. "मामा, हे बघा की जरा."

कागदावर यादी होती. फोर्ज्ड पिस्टन ४५,०००. जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट २२,०००. फ्री-फ्लो एक्झॉस्ट २५,०००. एअर फिल्टर ६,०००. ईसीयूचं ट्यूनिंग १६,०००. आणि सगळ्यात खाली, जागा संपल्यामुळे बारीक अक्षरात: गॅस्केट, बेअरिंग वगैरे – ६,०००.

एकूण एक लाख वीस हजार. पोराने दीड वर्ष पगारातून साठवलेले. गाडी म्हणजे दाजींची २००३ सालची एस्टीम. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दाजींनी स्टीअरिंग सोडलं आणि किल्ली पोराच्या हातात दिली. अट एकच, गाडी चालू झाली की पहिल्यांदा नरसोबाच्या वाडीला न्यायची. पोराला तिचं 'परफॉर्मन्स इंजिन' करायचंय. ताईचं म्हणणं, त्या पैशात एक स्कूटर येते.

मी ती यादी दोनदा वाचली आणि मला माझी पद्मिनी आठवली.

१९९६ साली मी पुण्यात पद्मिनीचं इंजिन काढलं होतं. तेव्हा मी भाच्याच्याच वयाचा, अक्कलही तेवढीच. मोठा कार्ब्युरेटर घेतला, घुमणारा सायलेन्सर लावला, आणि पैसे संपले. क्रँक मापून घ्यायचा राहिला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, जर्नल जरा झिजल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, नवीन बेअरिंग टाका, चालेल. झिजलेल्या क्रँकवर नव्या स्टँडर्ड मापाच्या बेअरिंग! मधली फट वाढलेली, त्यातून ऑईल नुसतं वाहून जाणार आणि दाब धरणार नाही, हे मला कळायला खंबाटकी घाट लागला. आधी ऑईलचा दिवा मिचमिचला, मग खालून टकटक, मग शांतता. मेहुणीच्या साखरपुड्याला आम्ही टेम्पोत बसून पोचलो, मागे दोराने बांधलेली पद्मिनी. सासरे काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तर माझं मत असं आहे: सगळं इंजिन त्या 'वगैरे'मध्ये असतं. ज्या पार्टचे फोटो मित्रांना दाखवता येतात, त्यावर पैसे शेवटी खर्च करावेत. आणि जे एकदा आत गेलं की कुणाला दिसणार नाही, त्यावर आधी.

कॅमशाफ्टचंच घ्या. दिसतो एक पार्ट, पण वरातीसारखा येतो. हा कॅम व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडे ठेवतो. त्यामुळे ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खाली, म्हणजे रंकाळ्यावरच्या ट्रॅफिकमध्ये, गाडी कुरकुरते. ती वरची ताकद वापरायची तर इंजिन साडेसहा हजारांऐवजी साडेसात हजारांपर्यंत फिरवायला हवं. मग कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आल्या. आणि खरी मेख पुढे आहे. फिरण्याचा वेग वाढला १५ टक्के, पण पिस्टनला वर थांबवून परत खाली ओढण्याचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरचा तो ताण वाढला ३३ टक्के. बोल्ट वीस वर्षांपूर्वीचे, आणि यादीत त्यांचं नावच नाही. २२ हजारांचा कॅम असा ६० हजारांचा होतो.

फोर्ज्ड पिस्टन वाईट नाहीत. टर्बो लावणार असाल तर जरूर घ्या. पण ते गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये जास्त सैल बसवतात, आणि थंड इंजिन सकाळी कडकड वाजतं. रोज ऑफिसला नेणाऱ्याने ही कडकड पैसे देऊन विकत का घ्यावी?

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला आहे. कंपनीच्या मूळ मापदंडांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. झिजलेलं इंजिन दुरुस्त करणं वेगळं, त्याचा अवतार बदलणं वेगळं. भाचा म्हणाला, "कोण बघतंय मामा?" अपघात झाला की विमावाले बघतात, बाळा.

मग म्हटलं, आधी मोजू तरी. दुसऱ्या दिवशी कंप्रेशन गेज आणला. चार सिलिंडरचे आकडे आले १६५, १६०, १३० आणि १५५. तिसऱ्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजलं तर १५० आला. ऑईलने फट बुजली आणि दाब वाढला, म्हणजे रिंगा आणि बोअर गेलेत. वाढला नसता तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. दहा मिनिटांचं काम, पण त्याशिवाय केलेली यादी म्हणजे नाडी न बघता लिहिलेलं औषध.

"या गाडीत मुळात ८५ हॉर्सपॉवर होते," मी म्हटलं. "त्यातले किती उरलेत? आधी ते परत आण." हे त्याला पटलं. निदान पटल्यासारखं तोंड केलं.

पैशांचे तीन भाग केले. चाळीस हजार ताईकडे ठेवायला दिले, इंजिन पूर्ण खोलून मापं हातात येईपर्यंत मागायचे नाहीत. (ताई म्हणाली, तिला विचारलं तर ती कधीच देणार नाही.) बाकी ऐंशीत उद्यमनगरातलं मशीनचं काम आणि पार्ट. ज्या शहराने अर्ध्या महाराष्ट्राच्या विहिरींवर ऑईल इंजिनं बसवली, तिथले बोअरिंगवाले हजारातला भाग बोटाने सांगतात. आम्ही तरी बोअर गेजने घेतला. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. बोअर अंडाकृती झालेलाच होता. ७४ मिलिमीटरचा बोअर आता अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसतील. भाच्याने लगेच हिशोब केला, १२९८ सीसीचं इंजिन साधारण १३१६ सीसीचं होतंय. तेवढाच आनंद.

आणि क्रँक. तिसऱ्या जर्नलवर नख अडकेल एवढी रेघ निघाली. क्रँक ग्राइंड करणं आलं, त्या मापाच्या अंडरसाइझ बेअरिंग आल्या. ताईच्या चाळीसातले पहिले पैसे असे गेले. पद्मिनीच्या वेळी माझ्याकडे असे बाजूला ठेवलेले पैसे नव्हते.

ऑईल पंप नवीन, वॉटर पंप नवीन, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवीन. इंजिन खाली आहेच तर क्लच प्लेटही, नाहीतर सहा महिन्यांनी मजुरी परत. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलायचे, कारण २०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय आणि २००३ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ऑईल दोनदा धरलंय. पहिलं पाचशे किलोमीटरनंतर टाकून द्यायचं, त्यात नव्या रिंगांची चुरी असते.

"मग मजा काय राहिली मामा?" हा प्रश्न त्याने अगदी खालच्या आवाजात विचारला, आणि मला जरा वाईट वाटलं. चोवीसाव्या वर्षी मला कुणी ऑईल पंपाचं महत्त्व सांगितलं असतं तर मीही असाच बसलो असतो. म्हणून दोन गोष्टी त्याच्या आवडीच्या ठेवल्या. चारही पिस्टन आणि रॉड वजन करून ग्रॅमभराच्या आत सारखे करून घ्यायचे, आणि हेडचे व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत काढायचे. दोन्हीला पैसे थोडे लागतात आणि इंजिन फिरताना फरक हाताला कळतो. फोटोत काही दिसत नाही, हे त्याने नोंदवलं.

उरलेच तर टायर आणि ब्रेक. एक्झॉस्ट पुढच्या दिवाळीला बघू.

परवा त्याने फोनवर नवीन यादी पाठवली. तीस-बत्तीस ओळी आहेत, थ्रस्ट वॉशरपासून थर्मोस्टॅटपर्यंत. सगळ्यात खाली लिहिलंय: कॅमशाफ्ट वगैरे – ०. पण फोनच्या वॉलपेपरवर अजून तोच कॅमशाफ्ट आहे, ताईने सांगितलं.

ब्लॉक गुरुवारी बोअर होऊन येतोय. रिंगांचा गॅप मोजायला मी शुक्रवारी निघतोय. दाजींनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केली आहे की वाडीला सकाळी निघायचं का दुपारी.