ज्येष्ठांना घरात ठेवा. पण त्या घराचे काय?

२०२०च्या मेमध्ये टाळेबंदीला पन्नास दिवस होत आले होते आणि रमजानही अर्ध्याहून पुढे सरकला होता. २५ एप्रिलच्या पहिल्या रोजापासून सामूहिक नमाज बंद होती, तरावीहची नमाज घरोघरी होत होती. केंद्र सरकारच्या १ मेच्या आदेशानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक गरज आणि उपचार वगळता घराबाहेर पडायचे नव्हते. कोरोनाचा धोका वयाबरोबर वाढतो, तेव्हा हा आदेश योग्यच होता. पण तो उंबऱ्यापाशी येऊन थांबत होता. पुढचे सगळे घरावर सोपवलेले होते.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे एक जण साठीच्या पुढचा होता. गावातल्या दोन खोल्यांच्या घरात त्या वेळी आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे चोवीस तास एकत्र होते. साडेचारच्या आत सहेरी उरकायची म्हणजे सून तीनला उठत असे. रोजा नसलेल्या सासूला दुपारी मऊ भात, मुलांना खाणे, संध्याकाळी सातला सगळ्यांची इफ्तार. मधल्या वेळात रक्तदाबाची गोळी आणि इन्सुलिन. सातनंतर संचारबंदी असल्याने एखादे औषध संपल्याचे इफ्तारनंतर लक्षात आले, तर पंचाईत होत असे.

सर्वांत अवघड प्रश्न रोजाचा होता. मधुमेह असलेले अब्बा म्हणतात, ‘चाळीस वर्षांत एक रोजा सोडला नाही, आता काय सोडू?’ इस्लामने आजारी माणसाला रोजातून सवलत दिली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करता येतात. वार्धक्यामुळे किंवा कायमच्या आजारामुळे तेही शक्य नसेल, तर एका रोजामागे एका गरिबाला जेवू घालायचे. यालाच ‘फिदिया’ म्हणतात. हातावर पोट असलेल्यांची चूल थंड असताना फिदिया हा तर मोठाच आधार होता. हे अब्बांनाही ठाऊक होते. तरी मन मानत नव्हते, कारण मशीद, जमात आणि सोबत्यांच्या गप्पा आधीच सुटल्या होत्या. शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफला मशिदीत बसण्याची त्यांची रीतही त्या वर्षी मोडणार होती. रोजा तेवढा हातात उरला होता. अशा वेळी ‘डॉक्टर नाही म्हणालेत’ एवढे दरडावून भागत नाही. त्यांच्याजवळ बसून बोलावे लागते, आणि त्यासाठी घरात कोणाला तरी वेळ हवा.

शेजारच्या आळीतल्या वारकरी आजोबांचे दुःख वेगळे नव्हते. त्या वर्षीची चैत्री वारी भाविकांविना झाली, गावातले देऊळही बंद होते. वृद्धांचे जग देवळा-मशिदीच्या पायरीवर आणि पारावर असते. ते एकाएकी घरात कोंडले गेले. त्यांची चिडचिड हा हट्ट नव्हता, एकटेपणा होता.

कुरआनच्या सूरह बनी इसराईलमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे ‘उफ’ही न काढण्याची शिकवण आहे. रमजानच्या प्रवचनांत ती दरवर्षी ऐकू येते. ती शिकवण मुलांसाठी आहे, पण आपल्या घरांत ती पाळायची जबाबदारी बहुधा सुनेवर किंवा मुलीवर येऊन पडते. मुलाने आदर करायचा आणि बायकोने सेवा, अशी वाटणी झाली आहे. तेव्हा दुकाने, कारखाने बंद असल्याने पुरुष पहिल्यांदाच इतके दिवस घरी होते. वडिलांना अंघोळ घालणे, आईच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, सहेरीची भांडी घासणे यांतले काय काय त्यांनी उचलले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. रोजा ठेवून हातपाय दाबून देणारा मुलगा नमाजाइतकेच पुण्याचे काम करतो, हे प्रवचनांतूनही सांगितले गेले पाहिजे.

आणि सरकारचे काय? श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे हजार रुपये २०२०मध्ये अनेक वृद्धांचा एकमेव हक्काचा पैसा होता. केंद्रानेही वृद्ध निवृत्तिवेतनधारकांना जादा हजार रुपये दोन हप्त्यांत जाहीर केले होते. पण अंगठा देऊन पैसे काढायचे तर त्या माणसालाच जावे लागते. एकीकडे बाहेर पडू नका म्हणायचे आणि दुसरीकडे बँकेच्या रांगेत उभे करायचे, हे जुळत नव्हते. टपाल खात्याने पोस्टमनकरवी घरपोच पैसे देण्याची सोय केली आहे. ती वस्तीवस्तीत सांगितली गेली पाहिजे. तसेच नेहमीच्या औषधांचे. प्रभागातल्या वृद्धांची यादी आणि आठवड्याला एक फेरी, एवढे नगरपालिका व तरुण मंडळांना मिळून जमण्यासारखे आहे.

टाळेबंदी आज ना उद्या उठणार होती. पण ज्येष्ठांवरचे निर्बंध बहुधा सर्वांत शेवटी उठतील, असे वाटत होते. म्हणजे या घरांची कसोटी ईदनंतरही संपणार नव्हती. तोवर घरातली कामाची वाटणी बदलली असेल, तर त्या रमजानने काही दिले असे म्हणता येईल.