माळा म्हणजे लॉफ्ट नव्हे

परवा मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना आमच्या एका स्नेह्यांनी निर्वाळा दिला की, माळा, पोटमाळा, माडी, माळवद हे शब्द आता मोडीत काढावेत. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात छताखाली एक फळी असते, तिला लॉफ्ट म्हटले की काम भागते. चारचौघांनी माना डोलावल्या. आम्हांस हे मान्य नाही.

कोकणातल्या घरात माळा म्हणजे आढ्याखाली, तुळयांवर फळ्या टाकून केलेली जागा. नारळ, सुपारी, पावसाळ्याची बेगमी तेथे राहते. चुलीचा धूर वर चढतो, त्यामुळे कीडही कमी लागते. पोटमाळा निराळा. तो खोलीच्या पोटात, छताच्या बराच खाली असतो. मुंबईच्या चाळींतून त्यावर कित्येक संसारांतली माणसे निजली; आणि त्याच मुंबईने माळ्याला मजल्याचा अर्थ देऊन पत्त्यात ‘दुसरा माळा’ लिहिले, ही गंमत वेगळीच. माडीवर माणूस ताठ उभा राहतो, पाहुणा बसतो. माळवद तर साठवणीची जागाच नव्हे. ते सोलापूर-मराठवाड्याकडील घरांचे लाकूडमातीचे सपाट छप्पर. त्यावर उन्हाळ्यात निजावे, मिरच्या वाळवाव्या.

एवढा भेद हवा कशाला, असे विचारणाऱ्यांनी आमच्या एका सहकाऱ्याची हकीकत ऐकावी. कर्जाच्या अर्जासाठी त्यांनी घराच्या वाटणीपत्राचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. मुळात माडी त्यांच्याकडे, पोटमाळा थोरल्या भावाकडे आणि माळवदाचा वापर दोघांचा. भाषांतरात तिन्ही ठिकाणी लॉफ्ट! राहत्या दोन खोल्या कागदावर अडगळीची जागा ठरल्या. अर्ज परत आला. भावांत अबोला आला तो वर. भाषांतरकार मराठीच होता, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

आमचे लखनौकडील शेजारी दुछत्ती आणि टांड यांत गल्लत करीत नाहीत. वरचे छत आणि त्याखाली घातलेले दुसरे छत यांमधली ती दुछत्ती. भिंतीतून पुढे आलेली फळी ती टांड. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या त्या फळीलाही शेजारच्या घरी नाव आहे. फक्त आम्हीच तेवढे उदार!

गेल्या महिन्यात आईने गावाहून लिहिले, ‘तुझा पितळी हंडा पोटमाळ्यावर ठेवला आहे.’ आमच्या मुलीने विचारले, म्हणजे गच्चीवर का? त्याच पाकिटाच्या पाठीवर आम्ही तिला घराचा उभा छेद काढून दाखविला. माळवद कोठे काढावे, हे मात्र तिने आपणहून विचारले.