बायपासची जखम आणि ‘भारीतलं’ इंजेक्शन

काही महिन्यांपूर्वी सकाळच्या राउंडला छप्पन्न वर्षांचे एक गृहस्थ पुन्हा वॉर्डात दिसले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची बायपास झाली होती. हृदय उत्तम चालत होते, पण खोकला आला की छातीच्या मधल्या हाडातून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि जखमेच्या खालच्या टोकातून पू झिरपत होता. पुढचे जवळजवळ दोन महिने ते आमच्याकडेच होते. हाड बांधलेल्या तारा काढल्या, जखम उघडी ठेवून साफ करावी लागली, शेवटी छातीचाच स्नायू सरकवून ती झाकली. घर शेतीवर चालणारे, त्यांचा एक हंगाम गेला. मुलगा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, “साहेब, अँटिबायोटिक दोनच दिवसांत बंद केलं, म्हणूनच झालं ना हे? भारीतलं इंजेक्शन आणून दिलं असतं आम्ही.”

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. असे रुग्ण ऑपरेशनआधी ‘शुगर बघा’ म्हणून माझ्याकडे येतात आणि नंतर काही बिघडले तर पुन्हा येतात. त्यामुळे दोन्ही टोके दिसतात. मुलाचा प्रश्न स्वाभाविक होता, पण उत्तर ‘नाही’ असेच होते.

जंतू जखमेत शिरतात ते बहुतेक वेळा ऑपरेशन चालू असताना, आणि पुष्कळदा रुग्णाच्याच कातडीवरून किंवा नाकातून. औषध त्या वेळी रक्तात आणि मांसात पोहोचलेले हवे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातील २,८४७ शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया निरनिराळ्या होत्या. चीर देण्याआधीच्या दोन तासांत अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांची जखम चिघळली. चीर देऊन तीन तास उलटल्यावर ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३.३ टक्के होते. औषधांची जात तीच, फरक घड्याळाचा. आता हृदयशस्त्रक्रियेत नेहमीचे इंजेक्शन चीर देण्याआधीच्या तासाभरात देतात आणि ऑपरेशन लांबले तर मध्येच पुन्हा एक डोस. नंतर ते जास्तीत जास्त ४८ तास. पुढे पाच-सात दिवस चालू ठेवल्याने जखमेला संरक्षण मिळत नाही. जुलाब, मूत्रपिंडावर ताण आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र मिळतात. आमच्यातलेही काही जण ‘असू दे दोन दिवस आणखी’ म्हणून लिहीत राहतात. ते रुग्णापेक्षा स्वतःच्या समाधानासाठी असते.

मग त्या गृहस्थांचे नेमके काय चुकले? खात्रीने सांगता येणार नाही. पण जुना केसपेपर काढला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. आदल्या रात्री त्यांच्या छातीवरचे आणि पायावरचे केस ब्लेडने काढले होते. ब्लेडने कातडीला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात जंतू तिथे मुक्काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले, की केस काढूच नका. काढावेच लागले तर क्लिपरने काढा. तरीही ब्लेड काही जात नाही. वर्षानुवर्षांची सवय, आणि दाढीसारखी गुळगुळीत छाती बघून सगळ्यांनाच ‘स्वच्छ’ वाटते.

दुसरी गोष्ट माझ्याच अक्षरात होती. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, एचबीए१सी, साडेदहा. ऑपरेशन तातडीचे नव्हते. तीन-चार आठवडे थांबून साखर खाली आणता आली असती. पण तारीख मिळाली होती, योजनेची मंजुरी आली होती, आणि मी ‘इन्सुलिनवर फिट’ असे लिहून सही केली होती.

साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. शिवाय बायपाससाठी छातीच्या आतली जी धमनी वापरतात, तीच उरोस्थीला रक्त पुरवते. म्हणजे हाड जुळायचे त्याच दिवसांत त्याचा रक्तपुरवठा घटलेला असतो. त्यात तंबाखू-विडी असेल तर विचारायलाच नको. अमेरिकेतील पोर्टलंडच्या डॉक्टरांनी २,४६७ मधुमेही हृदयरुग्णांची नोंद १९९९ मध्ये मांडली. इन्सुलिन कातडीखाली टोचून देत होते तेव्हा छातीचा खोलवरचा जंतुसंसर्ग २ टक्के रुग्णांना झाला. शिरेतून सतत देऊ लागल्यावर ०.८ टक्क्यांना. इन्सुलिन काही महाग नाही. पण सतत द्यायचे तर सुरुवातीला तासातासाला साखर तपासावी लागते, आणि त्यासाठी रात्रपाळीला पुरेशा सिस्टर लागतात. सरकारी रुग्णालयात नवे यंत्र आणणे एकवेळ सोपे, सिस्टरची रिकामी जागा भरणे अवघड.

त्याहून मला खटकते ते असे, की आपल्या किती बायपास रुग्णांच्या जखमा चिघळल्या, हे पुष्कळ रुग्णालये सांगूच शकत नाहीत. छातीचा खोलवरचा संसर्ग ९० दिवसांपर्यंत मोजायचा असतो. आपला रुग्ण आठ-दहा दिवसांत गावी जातो. जखम ओली झाली की जवळच्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग करून घेतो, आणि आमच्या रजिस्टरात तो ‘बरा होऊन घरी’ असाच राहतो. तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी एकेक फोन करायला एक माणूस आणि एक वही पुरते. आमच्या विभागात हे आता सुरू केले आहे. आकडे फार छान दिसत नाहीत, पण आहेत.

घरच्यांसाठी एवढेच : ऑपरेशनआधी साखरेचा आकडा विचारा. तातडी नसेल आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबा. ब्लेड दिसले तर हटका. ‘अंगात ताकद यावी’ म्हणून आयसीयूच्या दारातून ग्लुकोजचे पाणी आणि चिकू पाठवू नका. घरी गेल्यावर छातीत टक्-टक् झाली, जखम लाल झाली किंवा पाणी येऊ लागले, तर ताप नसला तरी ऑपरेशन झाले तिथेच त्याच दिवशी या. शीर काढलेल्या पायाकडेही रोज एकदा बघा. तिकडे कुणाचेच लक्ष नसते.