बदामपाव आणि नावाची समीक्षा

मराठी समीक्षेत एखादी परकी संज्ञा येते तेव्हा तिच्यामागोमाग तिची व्युत्पत्तीही येते; आणि संज्ञा ज्या वस्तूची आहे ती वस्तू बहुधा मागेच राहते. मांडेलब्रॉट संच या गणितातील विख्यात फ्रॅक्टलच्या बाबतीत हे घडताना मी काही वर्षे पाहतो आहे. चर्चासत्रांतील निबंधांत आणि प्रबंधांच्या प्रास्ताविकांत तो अवतरतो तो असा : मांडेल म्हणजे बदाम, ब्रोट म्हणजे पाव, पावाच्या पोटात जसे बदाम दडलेले, तशी या आकृतीच्या पोटात तीच आकृती दडलेली, आणि आमची अमुक कादंबरीही तशीच. एका निबंधकाराच्या हाती 'आप्फेलमेन्शेन', म्हणजे सफरचंदाचा बुटका माणूस, हे या आकृतीचे जर्मन लाडके नाव लागले, तर त्याने थेट आदमपर्यंत मजल मारली.

जर्मन आणि यिडिश भाषांत या शब्दाचा अर्थ बदामाचा पाव असा होतो, यात खोटे काही नाही. पूर्व युरोपातील ज्यू घरांत दोनदा भाजलेला याच नावाचा एक गोड पदार्थही होतो. परंतु गणिताने हे नाव घेतले ते पदार्थावरून नव्हे, आडनावावरून. बेन्वा मांडेलब्रॉट (१९२४–२०१०) वॉर्साला जन्मले, फ्रान्समध्ये वाढले आणि अमेरिकेत आयबीएमच्या संशोधनकेंद्रात त्यांनी काम केले. त्यांनी १९८० मध्ये संगणकावर या संचाची चित्रे काढली, त्यानंतर आद्रियां दुआदी व जॉन हबर्ड या गणितज्ञांनी त्यांच्या गौरवार्थ संचाला त्यांचे नाव दिले. वस्तुतः रॉबर्ट ब्रुक्स व पीटर माटेल्स्की यांनी याच संचाचे एक ओबडधोबड चित्र १९७८ मध्येच काढले होते. तेव्हा हे नाव वस्तूचे वर्णन तर करीत नाहीच, तिचा इतिहासही पुरता सांगत नाही. ते एक मानपत्र आहे.

वस्तू काय आहे? शून्यापासून निघावे, हाती असलेल्या संख्येचा वर्ग करावा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवावी, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करावा, पुन्हा तीच संख्या मिळवावी. ठरलेली संख्या १ असेल तर ०, १, २, ५, २६ अशी उत्तरे हाताबाहेर जातात. उणे १ असेल तर ०, -१, ०, -१ एवढ्यातच ती फिरत राहतात. ज्या संमिश्र संख्यांसाठी उत्तरे मर्यादेत राहतात त्यांचा समूह म्हणजे हा संच. एवढ्या साध्या कृतीतून निघालेली त्याची सीमा कितीही मोठी करून पाहिली तरी गुंतागुंतीचीच राहते. तीत मूळ आकृतीच्या लहान प्रतिकृती आढळतात खऱ्या, पण प्रत्येकीभोवतालचे तंतू निराळे असतात. म्हणजे 'अंशात पूर्ण जसेच्या तसे' हे समीक्षेतील आवडते विधानही येथे टिकत नाही.

नावातून वस्तू काढण्याचा हा हव्यास जुना आहे, आणि त्याला घेतलेली हरकतही तितकीच जुनी. सर्व नामे धातूंपासून निघतात या मताला गार्ग्याने जो आक्षेप घेतला तो यास्काने निरुक्तात नोंदवला आहे : वाट व्यापतो म्हणून अश्व, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. यास्काने त्याला उत्तर दिले. पण आक्षेप गाळला नाही. पुढे शास्त्रकारांनी योगार्थ आणि रूढार्थ वेगळे करून रूढी बलवत्तर ठरवली. हे सारे आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकवतो आणि निबंध लिहिताना विसरतो.

मी ज्या वर्धा जिल्ह्यात शिकवतो तेथे याचे उदाहरण शोधावे लागत नाही. गांधीजी १९३६ मध्ये राहावयास आले ते सेगाव या खेड्यात. त्यांची टपाल बुलढाण्याकडील शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. नाव अर्थपूर्ण निवडले गेले हे खरे. पण ते बदलावे लागले याचे कारण टपाल. 'सेवा' या पदाची फोड करून आश्रमाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ही टपाल कधीच दिसणार नाही.

येथे भाषाभिमानी म्हणतील की दोष परक्या शब्दाचा आहे. अर्थ उघड सांगणारा प्रतिशब्द घडवा. मांडेलब्रॉट यांनी 'फ्रॅक्टल' हा शब्द १९७५ मध्ये 'मोडलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडवला, आणि अशा आकृतींची मिती पुष्कळदा अपूर्णांकात येते. तेव्हा 'अपूर्णमितीय' म्हणावे. दिसते सुबोध. पण मांडेलब्रॉट संचाच्या सीमेची मिती बरोबर २ आहे, हे मित्सुहिरो शिशिकुरा यांनी सिद्ध केले. त्यांचा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे या पारदर्शक प्रतिशब्दाने सर्वांत प्रसिद्ध फ्रॅक्टललाच जातीबाहेर टाकले! देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर याबाबतीत अधिक मोकळे होते. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले. १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. भागाकार त्या नावात कोठेच नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर मी तो मांडला नसता. माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहिला. एकच चरण पुन्हा येतो, पण दर वेळी त्याच्या भोवतीचे काही बदलते, एवढेच दाखवण्यासाठी तिने 'फ्रॅक्टल' हा शब्द वापरला होता. आणि प्रतिकृतींभोवतालचे निराळे तंतू तिला ठाऊक होते. आराखडा तपासणाऱ्या समितीने प्रतिशब्दाचा आग्रह धरला. तिने 'अपूर्णमितीय' घातला. मग त्या शब्दाचे स्पष्टीकरण आले, स्पष्टीकरणातून 'अपूर्णता' आली, आणि अखेरच्या मसुद्यात एक संपूर्ण प्रकरण स्त्रियांच्या ओव्यांतील अपूर्णतेवर झाले. त्या बायकांच्या गाण्यात अपुरे काय होते, हे त्या प्रकरणात कोठेही दाखवलेले नाही. दाखवण्याची गरजही कोणाला वाटली नाही, कारण ते नावातच होते. मसुद्यावर माझीही सही आहे. प्रबंध स्वीकृत होऊन ग्रंथालयात गेला असून, यंदा दुसऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या टिपणात त्यातील 'अपूर्णता' आधार म्हणून घेतली आहे.