सब्र करा, प्रक्रिया सुरू आहे

पीएचडी प्रवेशाची जाहिरात वाचली की तीन टप्पे दिसतात. लेखी परीक्षा, संशोधनाचा आराखडा आणि मुलाखत. चौथा टप्पा जाहिरातीत नसतो. तो म्हणजे निकालाची वाट पाहत बसणं. या चौथ्या टप्प्याला अभ्यासक्रम नाही, गुण नाहीत, तारीखही नाही. पण माझ्या पाहण्यातली जी पोरं संशोधनाच्या वाटेवरून परत फिरली, त्यातली बहुतेक लेखी परीक्षेत किंवा मुलाखतीत पडलेली नाहीत. ती इथे पडली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. स्वतः बी.एड.वर थांबले. त्यामुळे पीएचडीबद्दल मी का बोलावं, असं कुणी विचारेल. मी बोलते कारण पोरं फोन मला करतात. विद्यापीठाच्या कचेरीत फोन कुणी उचलत नाही, आपा मात्र उचलते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. नाव लिहीत नाही. यंत्रमागाच्या गावातली. दहावीपर्यंत उर्दू, मग मराठीतून बी.ए. आणि समाजशास्त्रात एम.ए. तिने संशोधनासाठी घेतलेला प्रश्न असा होता: माग भंगारात गेले की कांड्या भरणाऱ्या बायकांचं काय होतं? पुरुष मजुरांची मोजणी कुठेतरी होते. पण घरी बसून कांडी भरणारी बाई ना मालकाच्या वहीत असते, ना सरकारच्या. तिची आई हेच काम करत आली आहे, त्यामुळे हा प्रश्न तिला पुस्तकात शोधावा लागला नव्हता. ऑगस्टमध्ये ती प्रवेश परीक्षा पास झाली. डिसेंबरमध्ये मुलाखत झाली. समितीतल्या एका बाईंनी विषय चांगला आहे म्हटलं आणि "कळवू" असं सांगितलं. त्याला चौदा महिने झाले. नकारही आलेला नाही. फोन लागलाच तर पलीकडून एकच वाक्य येतं, "प्रक्रिया सुरू आहे."

या चौदा महिन्यांत काय झालं ते सांगते, कारण "उशीर झाला" एवढं म्हटलं की तो पावसासारखा वाटतो, कुणाचाच दोष नसलेला. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ज्या प्राध्यापकाच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्याला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. नियम योग्य आहे, विद्यार्थी अर्ध्यावर पोरका होऊ नये म्हणून केलेला आहे. पण तिला ज्यांच्याकडे काम करायचं होतं ते सर मुलाखतीच्या दिवशी या रेषेच्या अलीकडे होते आणि कागद टेबलावर पडून असताना रेषेच्या पलीकडे गेले. म्हणजे जागा असताना निर्णय दिला नाही, आणि आता निर्णय द्यायचा तर जागा नाही! याला कुणी नकार दिला म्हणायचं? कुणाची सही नाही, कुणाचा शेरा नाही. फाईलने नकार दिला.

घरीही वेळ थांबत नाही. पहिल्या ईदला खालाने विचारलं, "ॲडमिशन झालं का बेटा?" दुसऱ्या ईदला पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेला विचारलं नाही, स्थळ घेऊनच आल्या. विद्यापीठाने लावला नाही तो निकाल मोहल्ल्याने लावला. सध्या ती एका खासगी शाळेत शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही. लग्नाचं बोलणं तिने अजून तरी पुढे ढकललं आहे.

आता कायद्याकडे बघा. आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या दाखल्यांना मुदत असते, आणि मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा. त्यात परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावा असं लिहिलं आहे. हे नुसतं शोभेला नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनलाइन तपासणीच्या घोळात रखडले, तेव्हा राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं होतं. बी.कॉम.च्या निकालाला उशीर झाला तर कुलगुरूंची खुर्ची जाऊ शकते. पीएचडी प्रवेशाच्या निर्णयाला वर्षभर उशीर झाला तर शिपायालाही कुणी विचारत नाही. यूजीसीच्या नियमांत जागा किती, विषय कोणते, निकष काय हे आधी जाहीर करायला सांगितलं आहे. मार्गदर्शकांची आणि त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांची यादी संकेतस्थळावर ठेवायला सांगितलं आहे. निर्णय किती दिवसांत कळवायचा, त्याची मुदत मात्र नाही. अर्जदाराची मुदत मिनिटात मोजतात, रात्री बाराला पोर्टल बंद. विद्यापीठाची मुदत कॅलेंडरमध्येही सापडत नाही.

कुणी म्हणेल, हे एका विद्यापीठाचं रडगाणं आहे. मग दिल्लीचं बघा. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने सांगितलं की यापुढे पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण वापरा, म्हणजे विद्यार्थ्याला गावोगाव परीक्षा देत फिरावं लागणार नाही. कल्पना वाईट नव्हती. १८ जूनला परीक्षा झाली, नऊ लाखांवर उमेदवार बसले, आणि दुसऱ्या दिवशी ती रद्द झाली. पेपर फुटल्याच्या संशयावरून. पुढे सीबीआयच्या तपासात तो फिरणारा स्क्रीनशॉटच बनावट निघाला. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात झाली, निकाल ऑक्टोबरात लागला. ज्या विद्यापीठांनी स्वतःची परीक्षा बंद करून नेटवर भिस्त ठेवली होती, त्यांचे प्रवेश तेवढे लांबले. आणि ज्यांना फक्त पीएचडी प्रवेशापुरती पात्रता मिळते, त्यांचे गुण एकच वर्ष चालतात. गुणांना मुदत आहे, बरं का.

या परीक्षेची आणखी एक गंमत. समाजशास्त्राचा नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो. मराठीतून एम.ए. केलेल्या पोरीने मराठीत वाचलेला दुर्खीम तिथे हिंदीत ओळखायचा. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे आम्हीही शाळेत वाटले होते, म्हणून आठवण करून दिली.

वाट पाहायला पैसे लागतात, हा खरा मुद्दा आहे. ज्याच्या घरी दोन पगार येतात तो मुलगा चौदा महिने पुण्यात खोली घेऊन, ग्रंथालयात बसून, दर महिन्याला विभागात चेहरा दाखवून वाट पाहू शकतो. त्याचा तो काळ तयारीत धरला जातो. मागवाल्याची मुलगी तोच काळ रिकामी बसलेली म्हणून काढते. तारीख न सांगता थांबवून ठेवणं दोघांना सारखं वाटतं, पण त्याची किंमत दोघांसाठी सारखी नाही. गुणवत्तेची चाळणी लावता ना? लावा, जरूर लावा. ही चाळणी बापाच्या खिशाची आहे.

पूर्वी या खिशाला थोडा आधार होता. सच्चर समितीच्या अहवालानंतर २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि पुढे जैन विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सरकारने ती बंद केल्याचं सांगितलं. कारण दिलं की इतर योजनांशी ती एकमेकांवर येते. ज्यांना आधीच मिळाली होती त्यांचेही पैसे महिनोन्‌महिने अडकल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. राज्यात बार्टी आहे, सारथी आहे, महाज्योती आहे. ओबीसीचा दाखला असलेल्या आपल्या मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार पोरांनी महाज्योतीकडे जावं, संकोच करू नये. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ नावाच्या संस्थेला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. आम्ही दुआ केली. आता फेलोशिप कधी, किती जणांना आणि कोणत्या तारखेला हातात पडते, ते बघू. कारण मंजुरी आणि पैसे यांच्यामध्येही एक "प्रक्रिया" असते. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून हे काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. त्यावर बरीच टीका झाली. पण तो प्रश्न एकट्या त्यांचा नव्हता. आपल्या दिवाणखान्यांतही तो रोज विचारला जातो.

म्हणून आता थोडं आपल्या लोकांशी. डॉक्टरकी, फार्मसी, इंजिनिअरिंगसाठी झोळी पसरली तर आपल्या जमातीत पैसे मिळतात. नीटच्या क्लाससाठी ट्रस्ट आहेत, सत्कार आहेत, शाली आहेत. समाजशास्त्राचं नाव काढलं की समोरचा विचारतो, "सोशॉलॉजी म्हणजे समाजसेवा ना?" नाही हो, चाचा. समाजसेवा वेगळी. ती तुम्ही रमजानमध्ये करता. समाजशास्त्र म्हणजे तुमच्या त्या सेवेची गरज दरवर्षी त्याच गल्लीत का पडते, हे शोधणं.

आणि हे शोधायला आपली माणसं का हवीत? मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, देशातल्या पहिल्या विभागांपैकी एक. घुर्ये तिथे होते, इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास तिथून शिकून गेले. शंभरहून अधिक वर्षं जातीवर, नातेसंबंधांवर, खेड्यांवर काम झालं. मुसलमानांमधल्या जातीव्यवस्थेवर इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेलं पुस्तक १९७३ मध्ये आलं आणि तेव्हापासून अभ्यासक त्याचा हवाला देत आहेत. आपल्या मुलाणी, पिंजारी, मणियार, कोकणी कुटुंबांचं काय चाललंय, याचं उत्तर मराठीत शोधायला गेलात तर हाताशी फार कमी लागतं. आपण बातमीत येतो ते दंगल, तलाक किंवा मतपेटी यांच्या निमित्ताने. राज्य सरकारने २००८ मध्ये महमूदुर रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला, आणि आजही भाषण करताना आपण त्याच दोन अहवालांची पानं उलटतो, सच्चर आणि रहमान. नवी पानं कोण लिहिणार? ज्यांनी लिहायची ती वऱ्हांड्यात बसली आहेत.

विभागांची बाजू मला माहीत नाही असं नाही. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. भरती रखडलेली, निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावर. मार्गदर्शक नाहीत तर प्रवेश कुठून देणार? कबूल. पण जागा नाही हे सांगायला जागा लागत नाही. एक ई-मेल लागतो. "तुमची निवड झाली नाही, गुण इतके, प्रतीक्षा यादीत क्रमांक अमुक." एवढं कळलं तर पोरगी दुसरीकडे अर्ज करेल, नोकरी धरेल, नाहीतर पुढच्या वर्षी नवा आराखडा घेऊन येईल. अमेरिकेत समाजशास्त्राच्या पीएचडीसाठी साधारण डिसेंबरात अर्ज जातात, आणि फेलोशिपसह प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावं असा तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला ठराव आहे. म्हणजे निर्णय त्याच्या आधी द्यावेच लागतात. तिथे नकार कमी मिळतात असं नाही, ढिगाने मिळतात. पण मिळतात.

एका बुजुर्गांनी मला सांगितलं, "सब्र करायला शिकवा मुलींना." शिकवते. संकटात पाय न सोडणं हा सब्र. पण माणसाने माणसाच्या टेबलावर अडवून ठेवलेल्या कागदासमोर गप्प बसणं, त्याला मी सब्र म्हणणार नाही. ती कारकुनाची सोय आहे आणि तिला दीनाचं नाव देऊ नये.

मग करायचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी. मुलाखत झाली की आठवड्याच्या आत लेखी विचारा: निर्णय कोणत्या तारखेला? पोच घ्या. उत्तर नसेल तर माहिती अधिकारात स्वतःचे गुण, एकूण जागा आणि मार्गदर्शकनिहाय रिक्त जागा मागा. त्याला ३० दिवसांची मुदत कायद्यानेच आहे. तुमच्या मार्गदर्शकाची निवृत्तीची तारीख आधीच बघून ठेवा, लाजू नका. शाळेत नोकरी करत अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांनी संस्थेचं ना हरकत पत्र अर्जाआधीच हातात घ्यावं, नंतर संस्थाचालकांची "प्रक्रिया" सुरू होते.

आणि एक काम पदवी घेऊन घरी बसलेल्या आपल्या सगळ्यांसाठी. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर दहा सदस्य निवडून देतात. त्या मतदार यादीत आपली नावं किती आहेत? आमच्या गल्लीत मी विचारत फिरले. पदवीधर एकोणीस निघाले, नोंदणी दोघांची. उरलेल्या सतरांना मी अर्ज दिले आहेत. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला जो येईल त्याला विचारायचा प्रश्नही कागदावर लिहून दिला आहे: पीएचडी प्रवेशाचा निर्णय मुलाखतीनंतर ४५ दिवसांत लेखी कळवावा, असा ठराव तुम्ही मांडाल का?