पडद्यावरचा हंगामी हुद्दा

ज्या पेशात माणसाचा चेहरा लक्षावधी घरांत ओळखीचा होतो आणि त्याच माणसाचे नाव बहुधा कोणत्याही कचेरीच्या हजेरीपटावर कायम म्हणून चढलेले नसते, असा पेशा दूरचित्रवाणीच्या निवेदकाचा होय. आणि ही विसंगती नीट ध्यानात घेतल्यावाचून त्यात शिरू पाहणाऱ्या तरुणांना कितीही सल्लामसलत दिली, तरी ती व्यर्थ जाते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी हे आकाशवाणीचेच एक अंग होते. दूरदर्शन हे निराळे खाते झाले ते १९७६ साली. त्यामुळे नभोवाणीचा शिरस्ता वरळीच्या स्टुडिओतही सहजच रुजू झाला: आधी आवाजाची चाचणी, मग उच्चारांची कसोटी, आणि त्यांतून निभावल्यावर पुष्कळांच्या वाट्याला यावयाचे ते नैमित्तिकांच्या यादीतील एक स्थान. नैमित्तिक म्हणजे बोलावणे येईल त्या दिवशी हजर व्हावे, ठराविक मेहनताना घ्यावा, आणि रजा, बढती, निवृत्तिवेतन ह्या गोष्टी सरकारी चाकरांसाठी असतात हे निमूटपणे ओळखून असावे. ज्या मंडळींच्या बातम्या आणि कार्यक्रम पाहण्यासाठी शेजारीपाजारी एका घरी जमत, त्यांतील अनेकांची चूल भलत्याच कशावर तरी पेटत होती, हे त्या प्रेक्षकांच्या स्वप्नातही नसेल. अनंत भावे हे प्राध्यापक आणि बालसाहित्याचे लेखक; भक्ती बर्वे रंगभूमीच्या, आणि १९७५ साली ‘ती फुलराणी’ आल्यावर तर प्रामुख्याने रंगभूमीच्याच; तबस्सुम ह्यांनी बालवयातच चित्रपटांतून कामे केलेली, म्हणून ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ ह्या कार्यक्रमात समोर कितीही मोठा नट येऊन बसला तरी त्या दिपून जात नसत, आणि तो कार्यक्रम १९९३ पर्यंत चालला. प्रदीप भिडे ह्यांनी सुमारे चार दशके बातम्या वाचल्या खऱ्या; परंतु त्याच आवाजाने त्यांनी जाहिराती आणि माहितीपटांचे निवेदनही केले, आणि ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा व्यवसायही उभा केला. बातम्या हे त्यांचे वैभव होते. तो त्यांचा एकमेव आधार नव्हता.

स्मिता पाटील ह्यांची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ऐन विशीच्या आतबाहेर असताना त्या मराठी बातम्या देत, आणि जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, कारण पडदा कमरेखाली जात नव्हता. दिग्दर्शक श्याम बेनेगल ह्यांची दृष्टी त्या कृष्णधवल चेहऱ्यावर गेली आणि १९७५ साली ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ ह्या चित्रपटांतून एक थोर अभिनेत्री उदयास आली. ह्या कथेचा तरुण मनांवर फार अनिष्ट परिणाम झाला आहे, असे मी म्हटले तर कित्येकांना राग येईल. पण बातम्या वाचता वाचता कोणीतरी बेनेगल आपल्याला हेरील, ह्या आशेवर वर्षानुवर्षे बसून राहिलेले चेहरे मी पाहिले आहेत, आणि बेनेगल सर्वत्र विखुरलेले नसतात.

आता कामाचे स्वरूपच पालटले आहे. पूर्वी हातात कागद असत. एक डोळा ओळीवर आणि दुसरा कॅमेऱ्यावर ठेवण्याची कसरत करावी लागे, आणि वाक्याचा शेवट मुखोद्गत असल्याखेरीज मान वर करणे धोक्याचे असे. पुढे प्रॉम्प्टर आला आणि ही कसरत संपली. तिच्या जागी दुसरी, अधिक क्रूर कसरत आली. २००७ साली मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या, तेव्हापासून निवेदकाच्या कानात एक यंत्र असते आणि नियंत्रणकक्षातला निर्माता त्यातून सतत बोलत असतो: पाहुणा अजून लाइनवर आलेला नाही, भरून काढ, धरणाची दृश्ये आली, त्यावर बोल, आवर, ब्रेक आहे. तोंडाने एक वाक्य चाललेले असताना कानाने दुसरे ग्रहण करावयाचे आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूस दिसू द्यावयाचा नाही, ही खरी विद्या. आणि कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी येऊन थडकली असता प्रॉम्प्टर कोरा असतो, त्या घटकेला निवेदकाला तारतो तो त्याचा चेहरा नव्हे, तर पाटण कोठे, सांगली कोठे, आणि पाणी खाली कोणत्या गावांपर्यंत जाते, एवढे ज्ञान. अँकरिंगच्या वर्गांत ओठांची ठेवण आणि हातांचे हावभाव भरमसाट फी घेऊन शिकवितात. नकाशा शिकवीत नाहीत.

उच्चारांविषयी मात्र मी जुन्या मताचा आहे, पण अर्धाच. चाळीसगावचा ‘च’ आणि चंद्रपूरचा ‘च’ एक नव्हे, जळगावचा ‘ज’ आणि जयसिंगपूरचा ‘ज’ एक नव्हे. ज्या गावची बातमी द्यावयाची त्या गावाचे नाव तेथील माणसाला परके वाटू नये, एवढा आग्रह रास्तच आहे. परंतु ह्याच आग्रहाच्या आडून परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला त्याच्या बोलीच्या हेलाबद्दल चाचणीतच बाद करण्याचा जो अलिखित दंडक दीर्घकाळ चालला, तो भाषाशुद्धीचा नसून मक्तेदारीचा होता. ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ पासून घरोघरी रुचला, त्याचे श्रेय बक्षिसाच्या पैठणीला देणारे देवोत. मला तर त्याचे निवेदक आदेश बांदेकर समोरच्या वहिनींना त्यांच्याच बोलीत बोलू देत आणि मध्ये तोंड घालीत नसत, ह्यात ते अधिक दिसते.

आमच्या स्नेह्यांची कन्या, बीडची, एका वाहिनीचा करारनामा घेऊन मध्यंतरी माझ्याकडे आली. मुंबईत निवेदिकेची जागा, मुदत एक वर्षाची, आणि नोकरी सोडल्यास सहा महिने अन्यत्र कोठेही आवाज वा चेहरा द्यावयाचा नाही, असे एक कलम. मी म्हणालो, ‘‘बाळ, हे कलम तुझ्या पगारापेक्षा लक्षपूर्वक वाच.’’ ती म्हणाली, ‘‘काका, पण पडद्यावर एकदा दिसले की मग सगळं सोपं होतं ना?’’ पडद्यावर स्त्रियांचे वय पुरुषांच्या वयापेक्षा लवकर मोजले जाते, हे तिला कसे सांगावे, ह्या विवंचनेत मी असताना ती आपणच म्हणाली, की त्या वाहिनीत चाळिशी ओलांडलेले पुरुष तिने मोजले आणि बायका मोजायला बोटे लागलीच नाहीत. तेव्हा मी तिला एवढेच सुचविले, की निवेदन मागावे, पण त्याबरोबर वार्तांकनही मागावे. तिच्या बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, त्यांच्या आगाऊ उचलीचा हिशेब तिला जन्मापासून ठाऊक आहे, आणि मुंबईच्या त्या स्टुडिओत तो दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचा संभव अल्प आहे.

तिने तसा अर्ज केला. आठवड्यातून दोन दिवस निवेदन आणि उरलेले दिवस मराठवाड्यातून वार्तांकन, अशी तजवीज झाली. आवाजाची अन्य कामे करण्यास लेखी मुभाही मिळाली. पगार मात्र वाहिनीने त्याच बैठकीत थोडा कमी केला, आणि तिने सही केली.